आम्हाला सगळी मुलं सारखीच!

कॅनडात फॉस्टर पालक, म्हणजे सरकारच्या ताब्यातल्या मुलांना तात्पुरतं घर देणारे, व्हायला निघालेल्या जोडप्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे. ‘आम्ही रंग-वंश काही बघत नाही हो, आम्हाला सगळी मुलं सारखीच.’ ऐकणाऱ्याला गहिवरून यावं असं वाक्य. अडचण एवढीच, की ज्या मुलीला ते घरी आणणार असतात तिला स्वतःचं गाव असतं, क्री ही मूळनिवासी भाषा बोलणारी आजी असते, दोन धाकटी भावंडं असतात आणि तिच्या वेणीला कात्री कुणी आणि कधी लावायची याचेही रिवाज असतात. हे सगळं न बघण्यालाच मनाचा मोठेपणा म्हणायची तिकडे पद्धत आहे.

आकडे आधी उरकून घेऊ. कॅनडाच्या २०२१च्या जनगणनेनुसार चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये मूळनिवासींचं, म्हणजे फर्स्ट नेशन्स, इन्युइट आणि मेटी मुलांचं, प्रमाण ७.७ टक्के. फॉस्टर घरांतल्या मुलांमध्ये तेच ५३.८ टक्के. २०१६ साली हा दुसरा आकडा ५२.२ होता. मधल्या पाच वर्षांत भाषणं झाली, कायदा झाला, माफी मागताना पंतप्रधानांचे डोळेसुद्धा पाणावले. आणि टक्का दीडने वर गेला.

ही मुलं घराबाहेर पडली कशी, हे त्या देशात आता शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. एकोणिसाव्या शतकापासून १९९०च्या दशकापर्यंत निवासी शाळा चालल्या. दीड लाखांहून जास्त मुलं त्यांतून गेली. गेल्या गेल्या केस कापायचे, अंगावरचे कपडे काढून घ्यायचे आणि स्वतःच्या भाषेत बोललं तर मार. त्या शाळांचा जोर ओसरू लागला तसा कारभार बालकल्याण खात्याच्या हाती गेला. पन्नासच्या दशकापासून ऐंशीच्या दशकाअखेरपर्यंत वीस हजारांहून जास्त मुलं उचलून गोऱ्या कुटुंबांत दिली गेली. काही तर सरळ अमेरिकेत आणि युरोपात. सस्कॅचवान प्रांताने १९६७ला त्यासाठी खास योजना काढली आणि वर्तमानपत्रांत मुलांचे फोटो छापून गिऱ्हाईक शोधलं. मॅनिटोबात न्यायमूर्ती एडविन किमेलमन यांनी चौकशी केली आणि १९८५च्या अहवालात ‘सांस्कृतिक वंशसंहार’ असा शब्द वापरला. वापरणारा न्यायाधीश होता, मोर्चातला कार्यकर्ता नव्हे.

तेव्हा आज एखादी आजी फॉस्टर बाईंशी फोनवर तुटक बोलत असेल, तर तिला शिष्टाचार शिकवायला जाऊ नये. ती स्वतः त्या शाळेत होती. तिची लेक परक्या घरात वाढली. आता नात. तिसऱ्यांदा दार वाजलंय आणि या खेपेला आलेल्या बाई फारच प्रेमळ आहेत म्हणे.

आपल्या मराठी डोक्यात दुसऱ्याचं मूल घरी आणणं म्हणजे दत्तक, आणि दत्तक म्हणजे नाव, गोत्र, कूळ सगळं नवं. कवळाण्याचा गोपाळ १८७५मध्ये बडोद्याला गेला आणि सयाजीराव झाला. गादीला वारस हवा होता, ते रीतसर होतं. फॉस्टरचा मामला वेगळा. इथे गादी नाही, वारस नाही. आई-वडील बहुतेकदा हयात असतात, त्यांना लेकरू परत हवं असतं, आणि कायद्याचा हेतूही, होईल तितकं, ते परत जावं असाच असतो. तुमच्या घरी ते राहायला येतं, तुमचं व्हायला येत नाही. अर्ज भरणाऱ्या निम्म्या लोकांना एवढंच पटवता आलं तरी पुढची बरीच भांडणं वाचतील.

कॅनडाच्या संसदेला हे २०१९ साली उमगलं. मूळनिवासी मुलांसाठीचा तो कायदा १ जानेवारी २०२०पासून लागू आहे. क्वेबेकने आव्हान दिलं, पण फेब्रुवारी २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो एकमताने उचलून धरला. मूल कुणाकडे ठेवायचं याची उतरंड त्यात लिहून दिली आहे. आधी आई किंवा वडील. ते नाहीत तर कुटुंबातलं दुसरं मोठं माणूस. मग त्याच समाजातलं कुणी, मग दुसऱ्या मूळनिवासी समाजातलं कुणी. आणि सगळ्यांत शेवटी ‘अन्य कोणीही प्रौढ’. आपलं ‘सगळी मुलं सारखीच’वालं जोडपं हे असं पाचव्या नंबरवर उभं आहे.

आपल्याकडे घरात काही बिनसलं की पोरं आजोळी जातात. मामा येतो, पिशवी भरतो, एस.टी.त बसवतो. त्यासाठी कुणी फाईल उघडत नाही. कॅनडाला हाच शहाणपणा कायद्याच्या कलमात घालायला दीडशे वर्षं लागली. त्याच कायद्यात आणखी एक कलम आहे: केवळ गरिबी आहे किंवा घर धड नाही म्हणून मूल उचलायचं नाही. असं कलम लिहावं लागलं, यावरून आधी काय चालत होतं ते कळावं.

आणि गरिबी कुणी ठेवली? राखीव वस्त्यांवरच्या बालकल्याणाचा खर्च केंद्र सरकार करतं. त्याचं सूत्र वर्षानुवर्षं असं होतं, की मूल घरातून काढून परक्याकडे ठेवलं तर सगळा खर्च मिळणार, पण ते घरीच राहावं म्हणून आईला मदत करायची तर हात आखडता. म्हणजे आईला किराणा भरून द्यायला पैसे नाहीत, तोच किराणा शंभर मैलांवरच्या अनोळखी बाईंनी भरला तर बिल पास! गित्क्सन समाजाच्या सिंडी ब्लॅकस्टॉक यांच्या संस्थेने आणि असेंब्ली ऑफ फर्स्ट नेशन्सने २००७मध्ये याविरुद्ध मानवी हक्क आयोगाकडे तक्रार केली. सरकारने काय केलं? तांत्रिक मुद्दे काढून वर्षं घालवली. मधल्या वेळात सरकारी बाबू ब्लॅकस्टॉक बाईंचं फेसबुक पान चाळत बसले, आणि त्यावरून २०१३ला प्रायव्हसी आयुक्तांकडून कानउघाडणी करून घेतली. मुलांच्या फायली वाचायला वेळ नव्हता, तो असा मार्गी लागला. २०१६च्या जानेवारीत मानवी हक्क न्यायाधिकरणाने सांगितलं की सरकार भेदभाव करतं. २०२३मध्ये भरपाईचा करार मंजूर झाला, २३ अब्ज डॉलरहून मोठा. इतक्या पैशात किती आयांचा किराणा भरला असता, याचा हिशोब ओटावात कुणी केल्याचं ऐकिवात नाही.

मॅनिटोबाने तर कमालच केली. सरकारच्या ताब्यातल्या मुलांसाठी केंद्राकडून येणारा भत्ता या प्रांताने २००५ ते २०१९ अशी वर्षानुवर्षं बालकल्याण एजन्स्यांकडून काढून आपल्या तिजोरीत वळवला. पुढे कोर्टाने ते घटनाबाह्य ठरवलं. पालकत्वाची फारच व्यापक कल्पना म्हणायची ही.

पण सरकारला टोचणं सोपं, आणि ते गेंड्याच्या कातडीचं. हे सदर घरच्यांसाठी आहे. म्हणजे ज्यांच्या दाराशी ती मुलगी उभी राहणार आहे त्यांच्यासाठी.

मूल पुष्कळदा अवेळी येतं. बरोबर सोशल वर्कर, आणि सामान काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत. तीच, कचऱ्याची. घाईत दुसरं काही मिळत नाही असं सांगतात. अनुभवी फॉस्टर आया कपाटात एक रिकामी बॅग तयार ठेवतात, आणि त्याहून शहाण्या आया ती काळी पिशवी लगेच फेकून देत नाहीत, की आतले कपडे वास येतो म्हणून तातडीने मशीनमध्ये टाकत नाहीत. तो वास घरचा असतो. आईच्या सिगारेटचा असेल, चुलीच्या धुराचा असेल. तुम्हाला नकोसा वाटतो, पोरगी त्यावर डोकं ठेवून झोपते.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उशीखाली पावाचे तुकडे सापडतात. इथे घर दोन प्रकारचं निघतं. एक म्हणतं, ‘चोरी करते!’ आणि फ्रिजला कुलूप येतं. दुसरं घर एक टोपली भरून ठेवतं, सफरचंदं, बिस्किटं, चीजचे तुकडे, आणि सांगतं की ही तुझी, विचारायचं नाही. महिन्या-दोन महिन्यांनी टोपली नुसती पडून राहते. ज्या घरात कुलूप लागतं तिथलं पोर मात्र खरोखर चोरायला शिकतं, आणि मग ‘आम्ही म्हटलं नव्हतं?’ म्हणायची सोय होते.

मग केस. पोरीचे लांब केस गुंततात, सकाळी शाळेची घाई असते, बाई कनवाळू आहेत, त्या तिला सलूनमध्ये नेतात आणि छान ‘लूक’ करून आणतात. फोटो काढतात. पुढच्या भेटीत आजी तो कापलेला शेपटा बघते आणि उठून बाहेर जाते. कितीतरी समाजांत केस घरच्या कुणाच्या मृत्यूनंतरच कापतात. वेणी घरच्यांच्या हातांची असते. आणि निवासी शाळेने पहिलं काम कात्री चालवण्याचं केलं होतं. बाईंना यातलं काही माहीत नव्हतं, हे शंभर टक्के खरं. विचारलंही नव्हतं, हेही तितकंच खरं. एका फोनचं काम होतं.

याच्या उलट उत्साही घरं. मुलगी येणार म्हटल्यावर दुकानातून ड्रीमकॅचर आणून तिच्या पलंगावर टांगतात. झालं सांस्कृतिक नियोजन! ड्रीमकॅचर मूळचा ओजिब्वे लोकांचा. मुलगी हैदा असेल, इन्युइट असेल, तर तिला ते तुमच्याइतकंच परकं. सहाशेहून अधिक फर्स्ट नेशन्स आहेत त्या देशात, सत्तरच्या वर मूळनिवासी भाषा. त्यांतली तिची कोणती, गाव कोणतं, बॅंडचं, म्हणजे सरकारदरबारी नोंदलेल्या तिच्या समूहाचं, नाव काय, एवढं तरी ड्रीमकॅचरच्या आधी विचारावं. मग पुढची कामं आपोआप सुचतात. त्या गावातून येणारं मूसचं मांस फ्रीझरमध्ये ठेवायला जागा करणं, सेज जाळून धुरी घ्यायची असेल तेव्हा स्मोक अलार्मची व्यवस्था बघणं, पाववावला, म्हणजे नाच-गाण्यांच्या मेळाव्याला, गाडी काढणं आणि तिथे मागच्या रांगेत गप्प बसणं. शेवटचं बऱ्याच जणांना जड जातं.

आता ज्यावर घरं खरी मोडतात ते. भेट.

मुलगी आईला भेटून येते आणि त्या रात्री थयथयाट करते. ताट भिरकावते, अंथरूण ओलं करते, दुसऱ्या दिवशी शाळेत कुणाला तरी चावते. फॉस्टर बाई वहीत नोंद करतात: भेटीनंतर वर्तन बिघडतं. तीन-चार नोंदी झाल्या की सोशल वर्करला सुचवतात, भेटी जरा कमी करूया का, तिच्या भल्यासाठी. भेटी कमी होतात. थयथयाट थांबतो. सगळे सुटकेचा नि:श्वास टाकतात. पोरगी शांत झाली, रुळली! रुळली कसली, तिने आशा सोडली. आईपासून उठून यावं लागल्यावर जे मूल रडत नाही त्याची काळजी करायला हवी. भेटीनंतरची ती वाईट रात्र हा भेटीचा खर्च आहे, तो मोठ्यांनी सोसायचा असतो. दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी द्या, रात्री तिच्या आवडीचं खायला करा, आणि पुढच्या भेटीची तारीख कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहा. ज्या मुलांना पुढची तारीख दिसते ती सहसा पळून जात नाहीत. जी पळतात ती बहुतेक वेळा घराकडेच पळत असतात, आणि पोलिसांची नोंद मात्र ‘बेपत्ता’ अशी होते.

भेटीला काही बायका मुलीला गाडीतून सोडतात आणि गाडीतच बसून राहतात. एखादी खाली उतरते, थर्मास घेऊन मुलीच्या आईशेजारी बाकावर बसते आणि विचारते, ‘ही रात्री कशी झोपायची तुमच्याकडे?’ त्या एका प्रश्नाने जे साधतं ते ट्रेनिंगच्या फायलीत बसत नाही. आईला कळतं की आपल्याला अजून कुणी आई म्हणतंय. आणि मुलीला कळतं की दोघींत निवड करायची नाहीये. मूल टिकतं ते इथे. आईशी बेइमानी करावी लागत नाही, अशा घरात.

टिकलं नाही की काय होतं, तेही बघू. फॉस्टर घराला नोटीस देता येते. ‘आता जमत नाही, मुलाला घेऊन जा.’ पिशवी पुन्हा भरली जाते. आल्बर्टातला मेटी मुलगा रिचर्ड कार्डिनल चार वर्षांचा असताना घरातून काढला गेला. पुढच्या तेरा-एक वर्षांत त्याची अठ्ठावीस ठिकाणी बदली झाली, आणि १९८४ साली सतराव्या वर्षी त्याने जीव दिला. मागे डायरी राहिली. अलानिस ओबोमसाविन यांनी १९८६ला त्यावर माहितीपट केला, आल्बर्टाला लाजेकाजेस्तव कायद्यात सुधारणा कराव्या लागल्या. त्या अठ्ठावीस ठिकाणची बरीच माणसं भलीच असणार. प्रत्येकाने आपापल्या परीने केलं असणार. जमलं नाही म्हणून पुढे पाठवलं असणार.

म्हणून नोटीस लिहायच्या आधी रडायला शिकावं. म्हणजे एजन्सीपाशी, मोठ्याने. आठवड्यातली एक सुट्टी मागा, रात्री अकराला फोन उचलणारं माणूस मागा, मुलीच्या मावशीला शनिवार-रविवार तिला नेऊ द्या. मावशी अशी मध्ये आली तर उद्या तुमचं खरंच जमलं नाही तेव्हा पोरगी ओळखीच्या घरी जाते, हॉटेलात नाही. हॉटेल हे मी तिरकसपणे म्हणत नाहीये. विनिपेगमध्ये घर मिळेना म्हणून मुलं खरोखर हॉटेलांत ठेवत. सॅगकींग फर्स्ट नेशनची टिना फाँटेन, वय पंधरा, तशाच एका हॉटेलात ठेवलेली होती. ऑगस्ट २०१४मध्ये तिचा मृतदेह रेड नदीत सापडला. हॉटेलं बंद व्हायला २०१५ उजाडलं.

आता काही वाचक म्हणतील, पोर वर्षानुवर्षं एका घरात रमलंय, आता आजोळ सापडलं म्हणून उपटायचं का? प्रश्न रास्त आहे आणि सोपा नाही. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८३च्या रॅसीन विरुद्ध वूड्स खटल्यात असंच म्हटलं होतं, की जसा काळ जातो तसं लळ्याचं वजन वाढतं आणि वारशाचं कमी होतं. त्यानंतर कितीतरी कोर्टांत तेच वाजवलं गेलं. यातली मेख काळात आहे. आजीचा पत्ता शोधायला खात्याने चार वर्षं लावायची आणि मग म्हणायचं, अहो, चार वर्षं झाली, आता लळा लागला! उशीर करणाऱ्यालाच उशिराचा फायदा. यावर फॉस्टर घराच्या हातात एकच उपाय आहे, आणि तो पहिल्या आठवड्यातला आहे. आजोळ आपणच शोधायला लावायचं. आजीला सणाला बोलवायचं. मग चार वर्षांनी उपटायचा प्रसंगच येत नाही, पोर दोन्हीकडे ये-जा करत असतं. लळा कुठे तुटत नाही, तुमचाही. परत गेलेल्या मुलाला सुट्टीत यावंसं वाटेल असं घर असलात, तर तुमची प्लेसमेंट टिकली असं मी म्हणेन, कागदावर ती संपलेली असली तरी.

टोरोंटो, कॅलगरी, विनिपेगकडे आता मराठी घरं पुष्कळ झाली. मुलं विद्यापीठात गेली, खोल्या रिकाम्या आहेत, आणि आपलं पोरगं मराठी विसरू नये म्हणून शनिवारची शाळा चालवलेली माणसं आहेत ही. भाषा हातातून निसटताना काय वाटतं ते त्यांना निराळं सांगायला नको. त्यांच्यापैकी कुणी अर्ज भरणार असेल तर जरूर भरा. फक्त एजन्सीचा पहिला फोन येईल तेव्हा ‘आम्हाला सगळी मुलं सारखीच’ म्हणू नका. मुलीची भावंडं कुठे ठेवली आहेत ते विचारा आणि आजीचा नंबर मागा. फायलीत नंबर नाही म्हणाले, तर पहिल्या आठवड्यातच शोधून द्या म्हणावं, आणि मिळेपर्यंत रोज फोन करा.